कारण ज्याचं त्यानं लिहायचं

अण्णांच्या दोन्ही चपलांना बारीक सुतळीनं एकेक चिठ्ठी बांधलेली असायची आणि दोन्ही चिठ्ठ्यांवरची तारीख वेगळी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गडी काही नवस वगैरे बोललाय. विचारलं तर म्हणाले, "डाव्या चपलेचा पट्टा मधी बदलला. मंग तिचं वय येगळं न्हाई का?" मी आपला चहाचा कप उचलला आणि गुपचूप टूलरूममध्ये परत आलो.

चिठ्ठी छत्रीच्या दांड्याला, जेवणाच्या डब्याच्या कडीला, चष्म्याच्या काडीला. एकदा त्यांच्या घरी गेलो तर कुकर, मिक्सर, पंखा, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांना चिठ्ठ्या. वापरायला काढल्याची तारीख, आणि मोडल्यावर मोडल्याची तारीख. काकू चहा देताना म्हणाल्या, "माझ्याच गळ्यात बांधायची राहिलीये तेवढी." अण्णा हसले नाहीत. त्यांना तो विचार करण्यासारखा मुद्दा वाटला असावा.

आमची कंपनी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. मी टूलरूममध्ये फिटर, मूळचा लातूरकडचा, राहायला पुनावळ्यात. अण्णा चाकणशेजारच्याच गावचे. त्यांच्या शिवारात कारखाने उभे राहिले आणि त्यातल्याच एका कारखान्यात ते नोकरीला लागले. परत आलेल्या मालाची खोली त्यांच्या ताब्यात होती. म्हणजे असं, की आमचा भाग देशात कुठंही वॉरंटीच्या मुदतीत मोडला की तो खोक्यात बसून अण्णांच्या टेबलावर यायचा. तो कशामुळं मोडला, हे अण्णांनी सांगायचं. चूक आमची असली तर भरपाई, वापरणाऱ्याची असली तर नकार. अख्ख्या कंपनीची इज्जत त्या एका खोलीत अडकलेली, आणि तिथं बसणारा माणूस हा असा, चपलेला चिठ्ठी बांधणारा.

सुरुवातीला माझं त्यांच्याशी पटायचं नाही. माझा स्वभाव तापट, तोंड फटकळ. त्यांचं सगळं संथ. खोक्याबरोबर तक्रारीचा कागद यायचा, तो ते आधी उपडा घालून ठेवायचे. दिवसभर नुसता तुकडा बघायचे. उलटा, सुलटा, उन्हात, सावलीत. वास घ्यायचे. ज्या वर्तमानपत्रात तो गुंडाळून आला असेल त्याचाही वास घ्यायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "अण्णा, काय बघायलाव एवढं? कागद वाचा की, त्यात लिहिलंय सगळं."

"आदी कागद वाचला," ते म्हणाले, "की मंग डोळं कागदाचंच ऐकत्यात."

त्याच आठवड्यात एक चाकाचं बेअरिंग आलं होतं, जाम झालेलं. अण्णांनी ते नाकाशी धरलं आणि म्हणाले, "ही गाडी मासळी वाहती." मी हसलो. म्हटलं, लावताय का पैज? ते पैजबिज लावणारे नव्हेत. त्यांनी कागद सुलटा केला आणि त्यावरच्या नंबरावर मलाच फोन लावायला सांगितलं. गाडी कोकणातली निघाली. बर्फाच्या पेट्या, मिठाचं पाणी, सगळं चाकावर निथळणारं. मालक फोनवर मलाच विचारायला लागला, तुम्हाला कसं कळलं राव? त्या दिवसापासून मी अण्णांच्या खोलीत जाताना दारात जरा थांबून जायला लागलो.

"किती चाललं पायजे?" हा त्यांचा प्रश्न जगाला होता. लग्नात आहेराचा पलंग पाहिला, की किती चालला पायजे. नवीन पूल झाला, की किती चालला पायजे. लोक हसायचे, पण उत्तर कुणाला येत नसे. आपण वस्तू घेताना किंमत विचारतो, रंग विचारतो, हप्ता विचारतो. ही किती दिवस टिकायला हवी, हे कोण विचारतं? अण्णा विचारायचे. पोस्टकार्डावर, सुवाच्य अक्षरात, थेट ती वस्तू बनवणाऱ्याला. एकदा छत्रीची काडी लवकर मोडली म्हणून त्यांनी छत्रीवाल्यांना लिहिलं. त्या बिचाऱ्यांनी कटकट नको म्हणून नवी छत्री पाठवून दिली. अण्णांनी ती तशीच्या तशी परत केली. सोबत चिठ्ठी: मी छत्री मागितली नव्हती, कारण मागितलं होतं. आणि कुकरची रबरी कडी अपेक्षेपेक्षा दुप्पट चालली तेव्हा कुकरवाल्यांनाही पत्र गेलं, की हे असं का झालं ते कृपया कळवावं. त्यांचा माणूस घरी येऊन कडीचा फोटो काढून गेला. काकू अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगतात.

पण मी त्यांना मानायला लागलो ते धुण्याच्या मशीनवरून. एका मोठ्या गाडीवाल्या कंपनीनं आमच्या मालाची अख्खी खेप परत पाठवली, गंज आला म्हणून. सगळ्यांना हवं होतं की दोष त्यांच्या गोदामातल्या ओलीवर ढकलावा. अण्णांनी तीन दिवस तुकडे बघितले आणि सांगितलं, गंज आतून आलाय. आपल्याकडं धुतल्यावर माल वाळलेला नव्हता, ओलाच खोक्यात भरला. मोठे साहेब स्वतः खाली आले. म्हणाले, "अण्णा, एवढं लिहायलाच हवं का?"

"मी कुटं लिहितोय?" अण्णा म्हणाले.

आणि खरंच, ते लिहायचे नाहीत. त्यांची ती पद्धतच होती. अहवाल सगळा त्यांचा, पण 'कारण' या शब्दापुढची ओळ कोरी. ज्याच्या हातून काम झालं त्याला बोलवायचं, तुकडा दाखवायचा, समजावून सांगायचं आणि पेन त्याच्या हातात द्यायचं. कारण ज्याचं त्यानं लिहायचं, आपल्या अक्षरात. धुण्याच्या मशीनवरच्या पोऱ्याला बोलावलं. त्यानं लिहिलं, 'मला घाई होती, माल वाळला नाही.' अण्णांनी कागद साहेबांकडं सरकवला. साहेबांनी पोऱ्याची ओळ वाचली. मग त्यांनी खाली लिहिलं, 'घाई मी करायला लावली.' मी दारातून बघत होतो. मोठ्या साहेबाला असं लिहिताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. नोकरी कुणाचीच गेली नाही, आणि धुण्याच्या मशीनशेजारी वाळवायचं मशीन आलं.

आता माझ्या लेकीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पोरगी आकुर्डीला कॉलेजात. डोंगर चढणाऱ्या पोरापोरींच्या नादाला लागली. आधी लोहगड, मग राजमाची, मग थेट गुलमर्ग. तिथं बर्फावर घसरायचं शिकून आली आणि म्हणाली, पप्पा, मला हेच करायचंय. मी म्हटलं, आपल्या गावाला प्यायचं पाणी टँकरनं येतं आणि तुला गोठलेल्या पाण्यावरून घसरायचंय. पण खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी. राज्याच्या संघाच्या सराव शिबिरात तिचं नाव आलं तेव्हा कंपनीच्या बसमध्ये पेढे वाटले मी. ओव्हरटाइम करून तिला नव्याकोऱ्या स्की घेऊन दिल्या, परदेशी कंपनीच्या, दिल्लीच्या दुकानातून मागवलेल्या, दोन वर्षांच्या वॉरंटीच्या. ज्यांनी स्की पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: जवळजवळ माणसाच्या उंचीची, बोटभर जाडीची पट्टी, पुढं वर वळलेली. दोन्ही कडांना पोलादाची धार, आणि मधोमध बूट अडकवायचा खटका स्क्रूनं बसवलेला. एका पायाला एक.

पहिला हिवाळा तिनं भाड्याच्या बुटांवर काढला. दुसऱ्या हिवाळ्याला स्वतःचे बूट घेतले, ते लांबीला मोठे निघाले. खटके मागं सरकवायला हवे होते. पोरगी म्हणाली, हे दुकानात करून मिळतं, दिल्लीला पाठवू या. मला रागच आला. अर्धं आयुष्य टूलरूममध्ये भोकं पाडण्यात गेलं, केसाइतका फरक पडू देत नाही, आणि चार स्क्रूंसाठी दिल्लीला जायचं? सुट्टीच्या दिवशी स्की घेऊन बसलो. मापं घेतली, नवी भोकं पाडली, आटे पाडले, खटके मागं बसवले. काम असं झालं की मीच अर्धा तास बघत बसलो. जुनी भोकं खटक्याखालच्या पट्टीत झाकली गेली. दिसतसुद्धा नव्हती.

फेब्रुवारीत गुलमर्गला निवडीची फेरी होती. एका वळणावर तिच्या डाव्या पायाची स्की बुटाखाली उकलली, कडेचं पोलाद सुटून बाहेर आलं आणि पोरगी आपटली. खांद्याला मुका मार बसला, बाकी देवाची कृपा. तिथले शिकवणारे म्हणाले, दगडावर गेली असणार. पोरगी फोनवर रडत होती आणि मी काय बोलावं? सांगायला आजही लाज वाटते. म्हटलं, "एवढी महागाची वस्तू, डोळे उघडे ठेवून चालवता येत नाही का?"

ती परत आल्यावर मी वॉरंटीचा फॉर्म भरून फोटो पाठवले. फॉर्मवर एक प्रश्न होता: वस्तूत काही बदल केला आहे का? मी 'नाही' लिहिलं. भोक पाडणं म्हणजे बदल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही, असं मी पुढं कित्येक महिने स्वतःला सांगत होतो. आमच्या धंद्यात भोक पाडणं म्हणजे काम. बदल करतात ते साहेब लोक. पण ते 'नाही' लिहिताना पेन जरा थांबलं होतं, हेही खरं.

कंपनीचं उत्तर पोरीच्या मेलवर आलं. तिनंच आम्हाला वाचून दाखवलं. बनावटीत दोष दिसत नाही; वस्तूत बदल केलेला नाही असं आपण कळवलं आहे, त्या अर्थी दगडासारख्या कठीण गोष्टीवर जोरात आपटल्यामुळं थर सुटले असावेत; हे वॉरंटीत बसत नाही. तिनं लॅपटॉप मिटला. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाली. स्की जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर टाकल्या आणि बँकेच्या परीक्षांचा क्लास लावला. पुढच्या शिबिराचा फॉर्म ऑक्टोबरअखेरपर्यंत भरायचा होता, त्याला हात लावेना. आईला म्हणाली, माझं लक्ष नसतं, मी अजून कुणाला तरी पाडीन. डोंगरावरून उड्या मारत उतरणारी पोरगी आमची, जिना उतरताना कठडा धरायला लागली होती.

मला राग आला तो त्या परदेशी कंपनीचा. चोर साले, म्हटलं. आणि स्की खांद्यावर टाकून एका रविवारी अण्णांच्या घरी गेलो. म्हटलं, "अण्णा, असं कडक पत्र लिहा की त्यांचे बाप नवी जोडी पाठवतील."

अण्णांनी स्की मांडीवर घेतली. बर्फ त्यांनी फ्रीजमधलाच पाहिलेला. म्हणाले, "ह्या किती चालल्या पायजेत?"

"मला काय माहीत?"

"मंग भांडतोस कशाच्या जोरावर?"

त्यांनी पत्र लिहिलं, ते भांडणाचं नव्हतंच. मराठीत होतं, पोरीनं इंग्रजी करून पाठवायचं. 'तुमची वस्तू हातात घेतली. काम चांगलं आहे. ही किती चालायला पाहिजे आणि ते कसं मोजता, एवढं कळवावं. मी वॉरंटीच्या खोलीत काम करतो, म्हणून विचारतो.' पोरीनं तोंड वाकडं केलं, पण अण्णांचा मान राखून ते पाठवलं. आणि काय सांगू, माझ्या फॉर्मला छापील उत्तर देणाऱ्या त्या कंपनीतल्या कुणीतरी अण्णांना पानभर लिहिलं. स्कीचं आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, बर्फावरच्या दिवसांत मोजतात. नीट राखल्या तर बरेच हिवाळे जायला हव्यात. राखायचं कसं, तेही लिहिलं. अण्णांनी ते पोरीकडून फोनवर दोनदा ऐकलं आणि हरखून गेले. "वर्सात न्हाई, दिसात मोजत्यात. बग की. माजी चप्पल मी घरात बसलो तरी म्हातारी करत हुतो."

मग म्हणाले, "पोरीला घिऊन ये. दिवस तिलाच ठावं."

पोरगी यायला तयार नव्हती. काकूंनी जेवायला बोलावलंय म्हणून आणली. अण्णांनी तिला पडल्याचं काही विचारलं नाही. पहिल्या दिवसापासून बर्फावरचे दिवस मोजायला लावले. तिला एकेक दिवस आठवत होता: कोणत्या दिवशी ऊन होतं, कोणत्या दिवशी बर्फ कडक होता. दिवस मोजून झाले, ते कंपनीनं लिहिलेल्या आयुष्याच्या आसपासही नव्हते. मग अण्णांनी घरापुढच्या ओट्यावरच्या गुळगुळीत फरशीवर गोणपाट पसरलं, बोटानं मला एका बाजूला सारलं आणि म्हणाले, "वळत्यात कसं, दाव मला."

"काका, इथं कसं दाखवू?"

"दाव तर."

ती गोणपाटावर उभी राहिली. गुडघे वाकवले, हात पुढं घेतले, आणि कमरेपासून खाली सगळं अंग डावीकडं सोडलं, उजवीकडं सोडलं. खांदे मात्र जागचे हलले नाहीत. गोणपाट तिच्या पायाखाली सरकत होतं. अण्णा उकिडवे बसून तिच्या घोट्यांकडं बघत होते, त्या बेअरिंगकडं बघायचे तसेच. आणि मी? मी माझ्या लेकीला स्की करताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पेढे वाटले होते, पण हे कधी पाहिलंच नव्हतं. चार-पाच वळणं घेऊन ती एकदम थांबली, चेहरा पडला, आणि कुणी न सांगता आत काकूंकडं निघून गेली.

अण्णांनी त्यांच्याकडंच ठेवलेली डावी स्की उपडी केली. तळावरून तळहात फिरवला, कडेच्या पोलादावरून नख. "दगडाचा वरखडा न्हाई," ते म्हणाले. "येकबी न्हाई. आन् दोन्ही कडा सारख्या घासल्यात. ज्येचं वळण कच्चं, त्येची येक बाजू जास्त घासती. पोरगी गुणाची वळती, फिटर." मला ते नावानं कधी हाक मारत नसत, फिटरच म्हणत.

मग त्यांनी खटक्याचे स्क्रू काढले. पट्टी उचलली. खाली माझी नवी भोकं, आणि त्यांच्या पुढं जुनी भोकं, उघडी. अण्णांनी जुन्या भोकात बारीक काडी घातली आणि बाहेर काढली. काडीला काळा, ओला भुगा लागला होता, चहात बुडवलेल्या खारीसारखा.

"ह्यात लाकूड हाय," अण्णा म्हणाले.

वरून चकचकीत, खालून चकचकीत, कडेला पोलाद. मला वाटलं होतं आतही तसलंच काहीतरी असेल.

"बर्फ पायाखाली वितळतो, पाणी भोकातनं आत जातं. रात्री थंडीत ते गोठतं, फुगतं. सकाळच्याला परत वितळतं. रोज फुगलं, रोज थर ढिलं झालं. पोरगी वळली तवा शेवटचा थर सुटला." त्यांनी नव्या भोकावर बोट ठेवलं. "ही भोकं कुनी पाडली?"

"दुकानात," मी म्हटलं.

अण्णा भोकाच्या तोंडावरून अंगठा फिरवत राहिले. "आपल्या टूलरूममधी येक फिटर हाय," ते सावकाश म्हणाले. "भोक पाडलं की त्येच्या तोंडाला हातानं दोन गिरक्या देतो, धार ऱ्हाऊ नये म्हणून. मशीननं न्हाई, हातानं. त्येचं भोक आंधळ्यालाबी वळखू येतं."

आत पोरगी काकूंशी काहीतरी बोलत होती, तो आवाज ऐकू येत होता.

"भोकात दोष न्हाई, फिटर. लय गुणाची भोकं हायेत. पन तुज्या हाताला लोखंडाची सवय. लोखंड पानी पीत न्हाई. जुनी भोकं बुजवायची ऱ्हायली."

त्यांनी अहवाल लिहिला, कंपनीत लिहायचे तसाच. वस्तू, किती दिवस वापरली, काय दिसलं. 'नुकसान' या शब्दापुढं लिहिलं, 'डावी स्की, एक.' 'कारण' या शब्दापुढची ओळ कोरी ठेवली आणि कागद माझ्याकडं दिला.

"तुम्हीच लिहा की अण्णा," मी म्हटलं. "मी आठ महिने तिला दोष देत आलोय. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

"ज्या तोंडानं दोष दिला, त्याच. दुसरं कुटनं आणनार?"

स्की त्यांनी वाळत ठेवायला ठेवून घेतल्या. तो कागद माझ्या पिशवीत, डब्याखाली, बरेच दिवस फिरला. पुनावळे ते चाकण, चाकण ते पुनावळे. रोज बसमध्ये ठरवायचो, आज लिहायचं. रोज घरी पोचलो की ती पुस्तकात मान घालून बसलेली दिसायची आणि कागद डब्याखालीच राहायचा. शिव्या द्यायला माझ्याइतका पटाईत माणूस नाही, पण 'चूक माझी' एवढे दोन शब्द निघेनात. कंपनीत अण्णा रोज समोर यायचे. एका शब्दानं विचारायचे नाहीत. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडून तरी मोकळा झालो असतो.

शिबिराच्या फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस उरले. संध्याकाळी कामावरून आलो, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात जेवायच्या टेबलावर कागद पसरला. बायको भाकरी थापत होती, पोरगी कांदा चिरत होती. मी पेन काढलं आणि लिहिलं: 'जुनी भोकं न बुजवता नवी पाडली. पाणी आत गेलं. भोकं पाडणारा मी. फॉर्मवर बदल नाही असं लिहिणाराही मीच.' आणि कागद तिच्यासमोर सरकवला.

तिनं सुरी बाजूला केली आणि वाचलं. परत वाचलं.

"दगड नव्हता?"

"नव्हता. दगडाचा एक ओरखडा नाही तळाला, अण्णांनी पाहिलंय. आणि दोन्ही कडा सारख्या घासल्यात, म्हणजे वळणं तुझी नीट होती. चूक माझी, बाळा. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

मला वाटलं, आता बोलेल, ओरडेल. मला तेच हवं होतं. ती खुर्चीवर बसली. हाताला कांद्याचा रस, तसेच हात मांडीवर ठेवून.

"पप्पा," ती म्हणाली, "मला तो दगड दिसायला लागला होता. काळा, एवढा. स्वप्नात नाही, जागेपणी. मी शपथेवर सांगितलं असतं की तिथं दगड होता."

बायकोचा भाकरीवरचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली, ती मी खाल्ली.

फॉर्म तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी भरला. अण्णांनी पुढं स्कीवाल्या कंपनीला खरं कारण कळवलं, आधीच्या खोट्याची माफी माझ्याकडून लिहून घेतली आणि दुरुस्तीची रीत विचारून घेऊन ती स्की स्वतः चिकटवली. बर्फावर ती कशी चालली, हे पोरीनं सांगावं. मला सांगायचंय ते त्याच सकाळचं, मी कागद घेऊन अण्णांच्या खोलीत गेलो तेव्हाचं.

त्यांनी माझी ओळ वाचली आणि मान हलवली. मी त्यांना पोरगी जे बोलली ते सांगितलं, जसंच्या तसं. त्यांच्याजवळ प्रत्येक मोडलेल्या गोष्टीवर एक वाक्य असायचं, म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाहेर ट्रक मागं घेताना हॉर्न वाजवत होता.

"इतकी वर्सं मोडलेला माल बगतोय," शेवटी म्हणाले. "नसलेला दगड माणसाला दिसतो, हे मला ठावं न्हवतं, फिटर. म्या अर्धाच बगत हुतो."

मग त्यांनी कागद आपल्याकडं ओढला. 'नुकसान' या शब्दापुढं त्यांनीच लिहिलेलं होतं, 'डावी स्की, एक.' त्याच्याखाली त्यांनी सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं, 'पोरीचे आठ महिने.' कागद माझ्याकडं फिरवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. मी सही केली.